निळी फुलं, काळी माती आणि फ्रिजमधला भाजीचा खण

देवळीतली_पणती | २८ सप्टेंबर, रात्री १०:१२

मंडळी, बऱ्याच दिवसांनी बागकामाचा धागा काढतेय. परवा कंदांचं पार्सल आलं आणि घरात दरवर्षीचा संवाद झाला. हे म्हणाले, "आले का तुझे विलायती कांदे?" मी म्हटलं, "आले." संपला संवाद. चार वर्षं झाली, आता त्यांनाही सवय झालीय.

विषय आहे थंड देशांत वसंतात निळी फुलं देणारे कंद. मस्कारी (द्राक्षाचा इवलासा घड उलटा उभा केल्यासारखं फूल), हायसिंथ, सिला, कायोनोडोक्सा. मी राहते अंबाजोगाईला. बालाघाटावर असल्यामुळे रात्री जरा बऱ्या असतात, पण मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतोच. म्हणजे या कंदांच्या दृष्टीने आम्ही भट्टीतच राहतो. तरी निळ्याचं वेड लागलंय त्याला काय करणार? झेंडू, शेवंती, जास्वंद सगळं आहे दारात, निळं म्हणाल तर एक गोकर्ण.

आधी माझी फजिती सांगते, म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

पहिल्या वर्षी कंद आले तसे तुळशीमागच्या वाफ्यात लावले. आमची माती म्हणजे खोल काळी, पायाला चिकटली की चप्पल दीड किलोची होते. त्यात परतीचा पाऊस झाला. पंधरा दिवसांनी उकरलं तर कंदाच्या जागी उकडलेल्या कांद्यासारखा लगदा. वासाचं सांगत नाही.

दुसऱ्या वर्षी कळलं की यांना आधी थंडी द्यावी लागते. ठेवले फ्रिजमध्ये, भाजीच्या खणात. दिवस सीताफळांचे. माहेरून, धारूरकडून, पाटीभर आली होती. पिकलेली तीही त्याच खणात. नंतर कंद लावले, पानं झकास आली, फूल मात्र पानांच्या बेचक्यात कागदासारखं वाळलेलं. पिकलेल्या फळातून इथिलीन वायू सुटतो आणि तो कंदाच्या आतली कळी जाळतो हे नंतर वाचलं. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, अभिमान आहेच, पण त्या वर्षी त्यानेच घात केला.

तिसऱ्या वर्षी सहाच आठवडे थंडी दिली. हायसिंथ फुलला, पण दांडाच नाही. पानांत बसकण मारून बसला, जणू गोधडीतून डोकं काढलेलं पोर.

गेल्या वर्षी मात्र जमलं. आठपैकी पाच हायसिंथ आणि मस्कारीच्या चारपैकी तीन कुंड्या. सिला शून्य.

आता यंदाचा बेत. हायसिंथ बारा कंद, मस्कारी चाळीस, कायोनोडोक्सा वीस. हायसिंथला बारा आठवडे, मस्कारीला दहा. कागदी पिशवी, वर दाभणाने भोकं, खणात एकही फळ नाही, टोमॅटोसुद्धा नाही. कुंडीतल्या मातीत एक भाग पोयटा, एक भाग चाळलेला मुरूम, एक भाग गांडूळखत. काळी माती चिमूटभरही नाही.

दोन प्रश्न आहेत. दांडा उंच काढायला काही युक्ती? आणि फुलं झाल्यावर कंद पुढच्या वर्षी वापरता येतात का?

कुंडीतला_पसारा | २८ सप्टेंबर, रात्री ११:०५

वाचतेय! मी संभाजीनगरला तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेची बाल्कनी. मला जमेल का हो? मी 'हायसिंथ' म्हणून शोधायला गेले तर आधी जलपर्णीच निघाली, वॉटर हायसिंथ. नवरा म्हणाला, ही तर नदीतून फुकट मिळेल, ट्रकभर आणतो.

देवळीतली_पणती | २९ सप्टेंबर, सकाळी ६:५०

@कुंडीतला_पसारा, यजमान विनोदी आहेत. पश्चिमेची बाल्कनी मात्र नको. आपल्याकडे जानेवारीतही दुपारी तीसच्या आसपास जातं, चारचं ऊन लागलं की दोन दिवसांत फूल मान टाकतं. पूर्वेची खिडकी, सकाळचं तासभर ऊन, बाकी सावली. कुंडी थेट फरशीवर ठेवा, थंडीत फरशी गार असते त्याचा उपयोग होतो. आणि रात्री उघड्यावर, दिवसा घरात, असं तान्ह्या बाळासारखं आत-बाहेर करावं लागतं. तयारी असेल तर घ्या.

ठणठणगोपाळ | २९ सप्टेंबर, दुपारी १:३०

एक शंका. आपण मराठवाड्यात राहतो. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, विसरलो का आपण? आणि इथे कांद्यांना फ्रिजमध्ये बारा आठवडे झोपवायचं, का, तर आठ दिवस निळी फुलं बघायला. हौसेला मोल नाही मान्य, पण हौसेला गाव तरी असावं की नाही?

देवळीतली_पणती | २९ सप्टेंबर, दुपारी ३:१५

गोपाळराव, पाण्याचं म्हणाल तर या कुंडीला दोन दिवसांआड एक फुलपात्र लागतं. जास्त घातलं तर मरते. तुमच्या लॉनचा विषय मी काढत नाही. ;)

कांदेवाला_जालनेकर | २९ सप्टेंबर, रात्री ८:४५

ताई, राग मानू नका, पण वाचून लई हसलो. आमच्या शिवारात थंडीनं कांद्याला डेंगळे (फुलाचे दांडे) आले की माणूस डोक्याला हात लावून बसतंय, आन् तुम्ही डेंगळे यावेत म्हणून फ्रिजचं बिल भरायलात!

पण गोष्ट एकच हाय. आम्ही कांद्याचं बी करतो. दिवाळीच्या आगंमागं निवडक कांदा मातीत दाबायचा, वर थंडीचे दोन महिने जाऊ द्यायचे, मग दांडा सुटतो आन् शेंड्याला पांढरा गोंडा येतो. थंडी कमी पडली त्या साली दांडे आखूड आन् बी कमी. थंडी दाबून पडली की काम फत्ते. माझा आजा म्हणायचा, कांद्याला हिवाळा कळतो. तुमचा कांदा तर बर्फातला, त्याला हिवाळा जास्त लागणारच. बारा आठवडे द्या, हात आखडू नका. आन् कंद घेताना दाबून बघा. बुडाशी मऊ लागला की बाजूला काढा, एक सडका पिशवीभर सडवतो.

मोबाईलवरून टाईप करायलोय, चुकभूल माफ.

जुना_कृषीवाला | २९ सप्टेंबर, रात्री ९:३०

जालनेकरांनी मुद्द्याचं सांगितलं. त्यात थोडी भर घालतो. परभणीला शिकलो, त्याला पंचवीस वर्षं झाली, आता गव्हाच्या पलीकडे थंडीचा फारसा विचार करावा लागत नाही. पण ही गंमत डोक्यात राहिली आहे.

कांद्यात आणि हायसिंथमध्ये एक फरक आहे. कांद्याच्या कंदात फुलाचा पत्ता नसतो, थंडी मिळाल्यावर आतला शेंडा पान सोडून फुलाकडे वळतो. हायसिंथचं फूल मात्र उन्हाळ्यातच, कंद झोपेत असताना, आत तयार होतं. त्यासाठी त्याला ऊबच लागते, पंचवीस अंशांच्या आसपास. म्हणजे तुमच्याकडे पार्सल आलं तेव्हा फूल आत बनून बसलेलं होतं. थंडी लागते ती दांडा लांबवण्यासाठी. थंडी कमी पडली तर फूल येतं पण बुटकं. तुमच्या तिसऱ्या वर्षीचं गोधडीतलं पोर ते हेच.

विश्वास बसत नसेल तर एक कंद उभा चिरून बघा.

आणखी एक. हायसिंथ, मस्कारी, सिला हे कांद्याचे सख्खे नाहीत. हल्लीच्या वर्गीकरणात ते शतावरीच्या कुळात येतात. दिसण्यावर जाऊ नका.

देवळीतली_पणती | ३० सप्टेंबर, दुपारी १२:२०

चिरला. नव्वद रुपयांचा कंद चिरताना हात थरथरला, पण चिरला.

बाहेरून जांभळट साल, सालीच्या रंगावरूनच फूल निळं येणार हे कळतं म्हणे. आत पांढरे मांसल पापुद्रे, एकावर एक, अगदी कांद्यासारखे, पण डोळ्यात पाणी नाही आणि वासही नाही. आणि मधोमध, बुडापासून बोटाच्या पेराएवढ्या उंचीवर, पिवळट-हिरवं कणीस! ज्वारी पोटऱ्यात असताना ताट सोलून पाहिलं की आत जसं दुधाळ कणीस दडलेलं असतं, अगदी तस्सं. त्यावर मोहरीएवढ्या कळ्या. मोजल्या, एकवीसपर्यंत गेले आणि पुढे चुकले. सप्टेंबर महिन्यात, बालाघाटावर, माझ्या विळीवर.

त्यानंतर दोन्ही हातांना जी खाज सुटली की काही विचारू नका. अळू चिरल्यावर सुटते तशी. खोबरेल चोळलं, तासाभराने उतरली.

जुना_कृषीवाला | ३० सप्टेंबर, दुपारी १:००

अळूचीच खाज ती. दोन्हीकडे कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, कातडीत घुसतात. हॉलंडमध्ये कंद हाताळणाऱ्या मजुरांना हा त्रास नेहमीचा. हातमोजे घाला. आणि हे कंद विषारी आहेत, पिशवीवर ठळक लिहून ठेवा. घरात म्हातारी माणसं, लेकरं असतात.

दूरदेशी_लेक | १ ऑक्टोबर, पहाटे २:१०

नांदेडची मी, सध्या मुक्काम हॉलंड. रात्री जागून धागा वाचला.

आमच्या घरमालकाच्या अंगणात मस्कारी तणासारखी पसरलीय. ते वैतागून उपटतात. डच लोक तिला 'निळी द्राक्षं' म्हणतात, 'ब्लाउवे द्राउफ्येस'. मार्च-एप्रिलमध्ये रस्त्याकडेच्या गवतातही निळे पट्टे दिसतात. मी पहिल्या वर्षी फोटो काढून आईला पाठवला तर आई म्हणाली, इतकी उपटून टाकतात, एक मूठ इकडे पाठव की.

पण मंडळी, सामानात लपवून कंद आणू नका. भारतात कंद आणायचे तर आयात परवाना आणि इथलं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र दोन्ही लागतं, २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे. विमानतळावर काढून घेतात ते एक, आणि मातीबरोबर रोग आला तर कांदेवाल्या दादांच्या शेताला ताप. रीतसर आयात केलेले विक्रेत्याकडे मिळतात तेच बरे.

बाकी हे सगळे कंद मूळचे हॉलंडचे नाहीतच. हायसिंथ तुर्कस्तान, सीरिया, लेबनॉनकडचा. कायोनोडोक्सा तुर्कस्तान आणि क्रीटच्या डोंगरातली, बर्फ वितळता वितळता फुलते. 'सायबेरियन' म्हणवणारी सिला सायबेरियात उगवतच नाही, ती कॉकेशस, तुर्कस्तान भागातली. क्लुसियस नावाचे वनस्पतीतज्ज्ञ १५९३ साली लायडनला आले, तिथली बाग त्यांनी उभी केली. ट्यूलिपचं वेड पसरवण्यात त्यांचा मोठा वाटा. म्हणजे डचांनीही एके काळी परक्या मुलखातले कंद आपल्या वाळूत रुजवून बघितले. फक्त त्यांच्याकडे फ्रिज अंगणातच होता.

शायराना_पेठ | १ ऑक्टोबर, सकाळी ९:२५

अवांतर आहे, पण राहवत नाही. हायसिंथला फारसी-उर्दूत सुंबुल म्हणतात, तुर्कीतही सुम्बुल. शायरीत प्रेयसीच्या कुरळ्या केसांना सुंबुलची उपमा ठरलेली. हायसिंथचं फूल जवळून बघितलंत तर पाकळ्या मागे वळलेल्या असतात, बटांसारख्या. वली आणि सिराज औरंगाबादी ज्या गावात शेर लिहीत होते त्या गावात आज पसारा ताई सुंबुल शोधायला जातात आणि जलपर्णी मिळते. काय बोलावं!

कुंडीतला_पसारा | १ ऑक्टोबर, सकाळी ९:४०

ताई नका म्हणू हो, एकोणतीसची आहे मी. :D

एकदाच_फसलेला | १ ऑक्टोबर, रात्री १०:१५

माझीही कथा घ्या. ऑनलाइन 'निळी अमेरिलीस, चार कंद' मागवले. फोटोत शाईसारखं निळं. एप्रिलमध्ये फुललं ते लालभडक, आमच्या आजीच्या अंगणात असायचं तेच. विक्रेत्याला विचारलं तर म्हणाला, सर, पहिल्या वर्षी लालच येतं. दुसऱ्या वर्षीही लालच. मग मी उत्तर द्यायचं सोडलं आणि त्यानेही.

जुना_कृषीवाला | १ ऑक्टोबर, रात्री १०:५०

आपल्याकडे अमेरिलीस म्हणून विकतात तिच्यात निळा रंग नाहीच. निळी लिली, निळा गुलाब, निळा ट्यूलिप हे बहुतेक संगणकावर रंगवलेले फोटो. खरं निळं मिळवायचं तर ज्यांच्यात ते निसर्गतः आहे त्यांच्याकडेच जावं लागतं.

थंडीची कटकट नको असेल त्यांनी अ‍ॅनिमोनी बघा. वाळलेल्या आल्याच्या तुकड्यासारखे गड्डे असतात, रात्रभर पाण्यात भिजवायचे आणि नोव्हेंबरात कुंडीत. फ्रिजची गरज नाही. 'डे काएन' गटात 'मिस्टर फोकर' म्हणून निळा प्रकार आहे. हिवाळी हंगामात जमतो. वर कोणतं, खाली कोणतं कळलं नाही तर गड्डा आडवा ठेवा, तो आपली वाट शोधतो.

माळावरचा | ३ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:००

गोपाळरावांची बाजू कुणीच घेईना म्हणून मी घेतो. निळं बघायला माळावर या की. पावसाळ्यात बालाघाटाच्या खडकाळ गवतात आभाळी फुलते. तिच्याही मुळांना गाठी असतात, उन्हाळाभर जमिनीत दडून राहते आणि पाऊस आला की वर येते. जांभळट निळी, केसाळ पुंकेसरांची, बोटाने हलवली तर मऊ लागते. विष्णुक्रांत तर पायाखाली असते, नखाएवढं निळं फूल, दुपारनंतर मिटतं. या दोघींना कुठला फ्रिज ठाऊक नाही.

फक्त उपटून आणू नका. बी पडल्यावर थोडं आणून कुंडीत टाकून बघा, माती तिथलीच, मुरमाड.

ठणठणगोपाळ | ३ ऑक्टोबर, रात्री ८:३०

+१०००. चला, कुणीतरी शहाणं भेटलं.

देवळीतली_पणती | ४ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

@माळावरचा, आभाळी मी पाहिलीय, मुकुंदराजाच्या वाटेवर. ती पावसाळ्याची. मला माघात निळं हवंय, तेव्हा माळ पिवळा पडलेला असतो. दोन्ही असू द्या ना, सवती थोड्याच आहेत!

कंद ३० सप्टेंबरला खणात गेले. कायोनोडोक्सा नंतर ठेवेन, १ नोव्हेंबरला, तिला पंधरा आठवडे देणार आहे. पिशवीवर लाल स्केचपेनने लिहिलंय: 'विष. भाजी नाही.'

देवळीतली_पणती | २४ नोव्हेंबर, रात्री ९:००

धागा वर काढतेय. दोन संकटं येऊन गेली.

पहिलं, आमच्या गल्लीचा ट्रान्सफॉर्मर जळाला, दीड दिवस वीज नाही. फ्रिज उघडायचा नाही अशी सक्त ताकीद दिली, दुधाचंसुद्धा बाहेर बघितलं. माठाच्या बुडाशी टॉवेल भिजवून त्यात पिशव्या गुंडाळाव्यात की काय असा विचार चालला होता, तेवढ्यात वीज आली. कंद गारच होते.

दुसरं अधिक गंभीर. सासूबाई पंढरपूरहून आल्या. त्यांना लाल स्केचपेन दिसलं नाही, चष्मा पिशवीत होता. मस्कारीचे कंद म्हणजे अगदी सांबारातल्या छोट्या कांद्यासारखे. मी बाजारातून आले तर त्यांनी सात-आठ सोलून ताटलीत ठेवलेले, कढईत तेल तापलेलं. म्हणाल्या, "हे कांदे असे कसे गं, वासच नाही यांना." तो वास नसल्यामुळेच त्या थबकल्या होत्या. माझे हातपाय गार. आता पिशव्या एका जुन्या डब्यात आहेत, डब्याला दोरी, दोरीला गाठ.

सोललेले तिथेच माती उकरून पुरले. उरलेले तेहतीस.

कांदेवाला_जालनेकर | २४ नोव्हेंबर, रात्री ९:३०

ताई, सासूबाईंना आमचा दंडवत सांगा. कांद्याची पारख वासावरून करणारं माणूस म्हणजे जुनं खोड.

कुंडीतला_पसारा | २४ नोव्हेंबर, रात्री ९:४५

बाप रे! मी आजच डब्याला कुलूप लावते. (हो, मीही घेतले. सहा हायसिंथ. सांगितलं नव्हतं.)

दूरदेशी_लेक | २५ नोव्हेंबर, पहाटे १:००

दांड्याची युक्ती राहिली होती सांगायची. इथल्या म्हाताऱ्या बायका घरात हायसिंथ फुलवताना कोंबावर कागदाची टोपी घालतात. कोंब उजेड शोधत वर चढतो आणि दांडा लांबतो. कोंब बोटाएवढा झाला की टोपी घाला, कळ्या पानांच्या वर निघाल्या की काढा.

देवळीतली_पणती | १४ जानेवारी, सकाळी ११:३०

तिळगूळ घ्या, गोड बोला!

मस्कारी ९ डिसेंबरला लावली, हायसिंथ २३ तारखेला. हायसिंथच्या कुंड्या आधी जुन्या घरात, माळवदाच्या खोलीत ठेवल्या. भिंत दीड हात जाडीची, आत देवळ्या आहेत. एकेका देवळीत एकेक कुंडी, पुढे पोत्याचा तुकडा. रात्री तिथे हात लावला तर भिंत घड्यासारखी गार. माझं इथलं नाव उगीच नाही.

मुळं धरल्यावर बाहेर काढल्या. कोंब फिकट पिवळे, उजेड मिळाल्यावर दोन दिवसांत हिरवे झाले. मग टोप्या. गाड्यावर भाजक्या शेंगा देतात तसे वर्तमानपत्राचे पुडे करून उलटे घातले. अकरा कुंड्या, अकरा पुडे. शेजारची पोरं विचारून गेली, "काकू, वाढदिवस कुणाचा?"

बोअरच्या पाण्याने मागे कुंडीच्या काठाला पांढरी खार धरली होती, म्हणून यंदा पावसाचं साठवलेलं पाणी वापरतेय. मस्कारीच्या दोन कुंड्यांत निळे ठिपके दिसायला लागलेत. खालची फुलं आधी उघडतात, वरची मिटलेलीच, म्हणून घड खालून गडद आणि टोकाला फिकट दिसतो.

कुंडीतला_पसारा | १४ जानेवारी, दुपारी १:१०

माझे दोन सडले, तीन बुटके, एकाला नुसती पानं. दहाच आठवडे दिले होते आणि खणात नवऱ्याने पेरू ठेवले. मी रडणार नाहीये.

जुना_कृषीवाला | १४ जानेवारी, दुपारी २:००

रडू नका. बुटके फुलले तर देठासकट तोडून वाटीत पाण्यावर ठेवा, वास तोच असतो.

देवळीतली_पणती | ५ फेब्रुवारी, रात्री ८:२०

हिशेब देते. हायसिंथ बारापैकी एक विळीवर गेला, अकरा लावले, नऊ फुलले. पुड्यांनी काम केलं, दांडे वीतभर उंच. मस्कारी तेहतीसपैकी सव्वीस. पहिला हायसिंथ उमलला त्या संध्याकाळी ओसरीत वास भरला होता, इतका की यांनी अत्तराची बाटली सांडली का म्हणून विचारलं. रंग मात्र फोटोत येत नाही. दुपारी जांभळ्याकडे झुकतो, दिवेलागणीला खरा निळा दिसतो, इंकपेनच्या शाईचा.

सहा दिवस टिकला. सातव्या दिवशी दुपारी बत्तीस अंश होते, देठ लवला.

माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मीच देते, कारण गेल्या वर्षीचे कंद याच वर्षी लावून बघितले होते. पानं वाळेपर्यंत पाणी दिलं होतं, मग टांगून ठेवले होते. निम्मे उन्हाळ्यात पोचट झाले, उरलेल्यांना पानंच आली. पानांना पोसायला थंड वसंत लागतो, आपल्याकडे मार्चमध्येच ऊन भाजतं. तेव्हा दरवर्षी नवे घ्यायचे किंवा घ्यायचे नाहीत. मी पुढच्या वर्षी सहाच घेणार आहे. (हे यांना सांगू नका, सांगितल्यावर शब्द पाळावा लागतो.)

सासूबाईंनी एक मस्कारीचा तुरा खुडून देवाला वाहिला. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "निळंय, गोकर्णासारखं. महादेवाला चालतंय."

कांदेवाला_जालनेकर | ५ फेब्रुवारी, रात्री ९:००

अभिनंदन ताई! आमच्याकडंबी गोंडे लागलेत, मधमाशांचा नुसता घोंघाट हाय रानात. फोटो टाकतो, पांढरा हाय, निळा नाही, पण एकराचा हाय.

ठणठणगोपाळ | ५ फेब्रुवारी, रात्री ९:२०

सहा दिवस. म्हणजे दिवसाला दोन आठवडे फ्रिज. मी फक्त हिशेब मांडला.

देवळीतली_पणती | ५ फेब्रुवारी, रात्री ९:३५

गोपाळराव, कायोनोडोक्सा अजून खणात आहे, पंधरा आठवडे भरायला नऊ दिवस बाकी आहेत. लावायला खरं तर उशीर झालाय. माहीत आहे मला. यांनी आत्ताच विचारलं, द्राक्षं कुठे ठेवू? म्हटलं, माठाजवळ.